घरी काय हाक मारतात?

त्या काळात भाईंदरमध्ये राहून तुम्ही इंटरनेटवर स्टीलच्या पातेल्यांची चौकशी केली असेल, जेवणाचा डबा लावला असेल, झुरळं मारायला माणूस बोलावला असेल किंवा भाचीसाठी स्थळ शोधलं असेल, तर एक प्रश्न तुम्हाला विचारला गेलाच असणार. नाव, पत्ता, फोन नंबर या नेहमीच्या रकान्यांखाली लाल चांदणीचा एक रकाना यायचा : 'घरी काय हाक मारतात?' तो रिकामा ठेवला तर फॉर्म पुढे सरकत नसे. तुम्हाला घरी बंड्या म्हणतात की बेबी म्हणतात हे कळल्याशिवाय तुमच्या स्वयंपाकघरातली झुरळं मरणार नाहीत, असा काहीतरी सरकारी नियम आला असावा, अशी बऱ्याच लोकांची समजूत झाली होती.

हा नियम सरकारचा नव्हता, खोपकरकाकांचा होता. शरद खोपकर. माझे पहिले साहेब. पुढे मला इंग्रजी बोलणारे, टाय लावणारे आणि विमानाने येणारे बरेच साहेब मिळाले, पण साहेब म्हटलं की माझ्या डोळ्यांसमोर अजून काकाच येतात, कीबोर्डवर फुंकर मारताना.

फुंकर मारायला कारण होतं. आमचं ऑफिस भाईंदर पश्चिमेला, मोरव्याकडे जाणाऱ्या रस्त्यावर, एका पिठाच्या गिरणीच्या वरच्या गाळ्यात होतं. गिरणी सुरू झाली की मॉनिटर थरथरायचा आणि दुपारपर्यंत सगळ्या कीबोर्डांवर पांढरा थर बसायचा. बाजरीच्या दिवसांत करडा. काका टायपिंगला बसण्याआधी एक लांब फुंकर मारत, पीठ माझ्या तोंडावर उडे, आणि मग ते एका बोटाने कामाला लागत. अंगाने काडीसारखे, पँटच्या पट्ट्याला स्वतः खिळ्याने पाडलेली जादा भोकं, आणि आवाज मात्र असा स्वच्छ, की नुसतं 'हॅलो' म्हणाले तरी समोरचा सावरून बसायचा.

तो आवाज टेलिफोन खात्यातला. उभी नोकरी त्यांनी चौकशीच्या डेस्कवर काढली होती. कानाला हेडफोन, समोर डिरेक्टरी. लोकांनी नाव सांगायचं, यांनी नंबर शोधून द्यायचा. खात्यातून लवकर निवृत्ती घेऊन ते मुंबईतून भाईंदरला आले आणि पन्नाशी उलटल्यावर पुस्तकं आणून वेबसाइट करायला शिकले. खातं सुटलं, पण भाषा सुटली नाही. अकरा वाजले आणि चहा आला नाही, की म्हणत, "चहाची नोंद आढळत नाही." वीज गेली की, "थोड्या वेळाने पुन्हा प्रयत्न करा." लग्न का नाही केलंत, असं कुणी विचारलं तर, "तेव्हा लाइन व्यस्त होती." आणि "काका, तुम्हाला घरी काय हाक मारायचे हो?" असं विचारलं, तरी तेच : "लाइन व्यस्त आहे." साऱ्या गावाची टोपणनावं गोळा करणारा हा माणूस स्वतःचं टोपणनाव सांगत नसे.

आम्ही नुकतेच लालबागहून भाईंदर पूर्वेला राहायला आलो होतो. मी कॉम्प्युटरचा डिप्लोमा केलेला, पण अंधेरीच्या दोन कंपन्यांत मुलाखतीला जाऊन घशात अडकलेलं इंग्रजी तसंच घेऊन परत आले होते. काकांनी मला एकच प्रश्न विचारला. कुठला, ते तुम्ही ओळखलं असेलच.

"चिमी," मी म्हणाले.

"छान. उद्यापासून ये, चिमे."

मनीषा हे माझं नाव त्यांना पगाराचा चेक लिहायची वेळ आली तेव्हा कळलं.

आमच्याकडे पाच-सहा साइट्स होत्या. साठेबाईंचं वधूवर मंडळ, जिग्नेशभाईंचं स्टीलच्या भांड्यांचं दुकान, एक डबे पुरवणाऱ्या बाई, गणपतीच्या मूर्तींचं बुकिंग, झुरळवाले आणि समुद्रकाठच्या पाली गावातल्या होडीवाल्यांची बर्फाची सोसायटी. आता, डेटाबेस म्हणजे माहितीचं कपाट. ज्याचं त्याचं कपाट ज्याच्या त्याच्या घरात, असं मला क्लासात शिकवलं होतं. काकांनी मात्र साऱ्यांना मिळून एकच कपाट ठेवलं होतं. कुठल्याही साइटवर कुणीही नाव नोंदवलं, की तो माणूस त्या एकाच यादीत जाऊन बसायचा. पहिल्याच आठवड्यात मी माझं शिक्षण पाजळलं. काका शांतपणे म्हणाले, "शहराची डिरेक्टरी एकच असते, चिमे. डॉक्टरांची वेगळी, सोनारांची वेगळी, अशा दहा केल्यास की माणूस हरवतो."

एका कपाटाचे फायदे होते. डब्यासाठी नाव नोंदवलेल्या माणसाला मूर्ती बुक करताना पुन्हा सगळं भरावं लागत नसे. पण तोटे जास्त रंगतदार होते. जिग्नेशभाईंनी नवीन कढयांचे फोटो टाकायला म्हणून स्वतःचं नाव नोंदवलं, आणि मंडळाच्या पत्रांच्या वाटपात त्यांनाही एक पत्र गेलं : 'आपणास अनुरूप अशा वधू सुचवीत आहोत.' ते नेमकं भाभींनी वाचलं. जिग्नेशभाई धापा टाकत जिना चढून आले. "अरे खोपकरभाई, मैं तो पतीले बेचने आया था, आपने मेरे को ही बेच दिया!"

"आपका नाम निकाल दूँ लिस्ट से?" काकांनी विचारलं.

"निकालो, निकालो! नहीं तो मैं घर से निकलूँगा."

समीर नावाच्या एका मुलाची गोष्ट तर भाईंदरभर झाली. त्याने डबा लावला होता आणि मंडळातही नाव घातलं होतं. साठेबाईंनी त्याचं लग्न जमवलं आणि त्यांच्या पद्धतीप्रमाणे त्याची नोंद 'बंद' केली. यादी एकच, त्यामुळे दुसऱ्या दिवसापासून समीरचा डबा बंद झाला. लग्नाला अजून अवकाश होता. बिचारा उपाशीपोटी ऑफिसात आला. "काका, लग्न जमलं म्हणून जेवण बंद?"

"नियमाप्रमाणे बरोबर आहे," काका म्हणाले, "पण जरा लवकर झालं." आणि स्वतःच्या डब्यातली अर्धी पोळीभाजी त्याच्यापुढे सरकवली. जेवता जेवता त्याला विचारलं, "तुझ्या घरी तुला सोमू म्हणतात ना? आईच म्हणते, की मोठा भाऊ पण?" असले प्रश्न ते सगळ्यांनाच विचारत. साठेबाईंना 'नमस्कार ठमाताई' म्हणणारा भाईंदरमधला हा एकमेव पुरुष होता, आणि वरकरणी कितीही रागावल्या तरी बाईंना ते आवडायचं. पालीचा एक होडीवाला तर काकांची बाजू घेऊन मला म्हणाला होता, "बरोबर इचारतात तुमचं काका. आमच्याकडं घरचंच नाव खरं हाय. कागदावरचं कोनाला ठाव न्हाय."

मग हळूहळू सगळं मंदावायला लागलं.

यादी वाढत गेली तशा साइट्स जड झाल्या. पान उघडायला लावून चहा टाकावा, तो उकळावा, गाळावा, प्यावा, कप विसळून ठेवावा, तरी पान पांढरंच. त्यात कपाट एक, त्यामुळे एकाकडे गर्दी झाली की सगळ्यांनाच रांग. सकाळी अकराला डबा लावलेली मंडळी आज भाजी कुठली ते बघायला आली, की इकडे लग्नं अडायची. गणपतीच्या आधी तर मूर्तींच्या बुकिंगने झुरळवाल्यांचा धंदा बसवला. ज्या कंपनीच्या मशिनवर आमच्या साइट्स भाड्याने राहत होत्या, त्यांनी पत्र पाठवलं, की तुमच्यामुळे शेजाऱ्यांना त्रास होतोय. सोसायटीच्या सेक्रेटरीने लिहावं तसंच.

एका शुक्रवारी साठेबाई आल्या. बसल्या नाहीत. पर्स छातीशी धरून दारातच उभ्या राहिल्या.

"खोपकर, मुलीकडचे लोक माझ्यासमोर बसलेले असतात आणि तुमचं पान उघडत नाही. मी काय त्यांना पोहे खायला घालत बसू? बोरिवलीची एक कंपनी मागे लागलीय माझ्या. वेगळं देतायत सगळं, माझं एकटीचं. सोमवारपर्यंत बघते, नाहीतर माझी माणसं घेऊन मी चालले."

यादीतली निम्म्याहून जास्त माणसं बाईंची होती. त्या गेल्या असत्या तर ऑफिस बंद पडलं असतं, हे मलाही कळत होतं. पण काकांचा चेहरा पाहिला आणि मी माझी नोकरी विसरले. इतका उतरलेला चेहरा मी धंदा बुडालेल्या माणसाचासुद्धा पाहिलेला नाही. बाई 'चालले' म्हणाल्या त्याचं त्यांना फारसं काही नव्हतं. 'माझी माणसं घेऊन' हे लागलं होतं.

"काका, सोपं आहे," मी म्हणाले. "प्रत्येकाला वेगळा डेटाबेस करू. रविवारी बसून मी करते."

"हात लावायचा नाही." ते पहिल्यांदाच माझ्यावर ओरडले. मग आवाज खाली आणून म्हणाले, "वेग वाढव, चिमे. काय हवं ते कर. पण माणसं फोडायची नाहीत."

हट्टी माणूस! मी घरी जाऊन आईपाशी तणतणले. पण रविवारी सकाळी ऑफिसात जाऊन बसले. गिरणी बंद होती आणि काका होडीवाल्यांच्या नवीन नोंदी आणायला पालीला गेले होते. मशिनवाल्या कंपनीकडून मी एक हिशोब मागवला होता : आमचं कपाट सगळ्यात जास्त वेळ कशात घालवतं? साइट कपाटाला सारखे प्रश्न विचारत असते, आजची भाजी कुठली, पुण्याची मुलगी कुठली. त्यातला कुठला प्रश्न जड जातोय?

उत्तर आलं ते बघून मी चक्रावले. भाजी नव्हती, वधू नव्हत्या, मूर्तीही नव्हत्या. एकच प्रश्न होता, पुन्हा पुन्हा, प्रत्येक साइटवरून. कुणी कढई बघायला आलं तरी तो, कुणी झुरळांसाठी आलं तरी तोच. शोधत गेले तेव्हा सगळ्या पानांच्या डोक्यावर काकांनी स्वतः लिहिलेली एक ओळ सापडली. कुठलंही पान उघडलं, की ती ओळ अख्खी यादी पहिल्या माणसापासून शेवटच्या माणसापर्यंत तपासायची आणि एवढंच विचारायची : ज्याला घरी 'खडू' म्हणतात, असा कुणी आलाय का?

कुणीच आलेला नव्हता. उत्तर दर वेळी रिकामं यायचं, आणि पुढच्याच क्षणी दुसऱ्या कुठल्या तरी पानावरून पुन्हा तोच प्रश्न निघायचा.

सुरुवातीला शिकताना काहीतरी खोटं नाव टाकून बघितलं असेल आणि पुसायचं राहिलं असेल, असं मला वाटलं. हसूही आलं. सगळं भाईंदर या एका ओळीपायी खोळंबलं होतं! मी ती ओळ निवडली. तेवढ्यात मागून आवाज आला, "ती नको."

काका दारात उभे होते. हातात होडीवाल्यांचे फॉर्म आणि घामाने भिजलेला रुमाल. ते येऊन बसले, सवयीने कीबोर्डवर फुंकर मारली. रविवार असल्यामुळे पीठ उडालं नाही.

"माझा धाकटा भाऊ," ते म्हणाले. "सुधीर. लहानपणी शाळेतून खडू चोरून आणून खायचा, म्हणून खडू. बीएस्सीला दुसऱ्यांदा नापास झाला तेव्हा मी त्याला म्हणालो, तुझ्यानं आयुष्यात काही होणार नाही. वाक्य एवढंच. दुसऱ्या दिवशी तो घरात नव्हता."

मी माउसवरचा हात काढून घेतला.

"दर वर्षी नवीन डिरेक्टरी आली की पहिलं त्याचं नाव बघायचो. सुधीर खोपकर ढिगाने निघतात गं. सगळ्यांना फोन केले. विचारायचो, माफ करा, तुम्हाला घरी काय हाक मारतात? लोक शिव्या घालायचे." ते हसले. "मग वाटलं, त्यानं नावच बदललं असेल. आडनावही. पण घरी काय म्हणतात असं सरळ विचारलं, तर तो खोटं सांगणार नाही. त्याला खोटं बोलताच यायचं नाही. खडू खाल्लास का विचारलं, की पांढऱ्या तोंडाने हो म्हणायचा."

"आणि म्हणून एकच कपाट?"

"तो कुठून येईल ते मला काय माहीत? लग्न केलं नसेल तर साठेबाईंकडून येईल. केलं असेल तर भांडी लागतील. एकटा असेल तर डबा लावेल. आणि काहीच नाही, तर झुरळं तरी होतीलच की गं त्याच्या घरात!"

मला हसायला आलं आणि हसता हसता रडायला आलं. ओढणीने डोळे पुसले, आणि ज्या माणसाला मी दोन दिवस हट्टी म्हणत होते त्याच्यासाठी हे काम आपल्याला जमलंच पाहिजे, असं मनापासून वाटलं.

"काका, चौकशीला फोन आला की तुम्ही डिरेक्टरी पहिल्या पानापासून वाचायचात?"

"वेडी आहेस का? अक्षरवार लावलेली असते. 'ख' म्हटलं की 'ख' उघडायचं."

"मग या बिचाऱ्याला दर वेळी पहिल्यापासून का वाचायला लावता?"

काकांनी स्वतःच्या कपाळावर अशी चापट मारली, की खाली गिरणीतसुद्धा ऐकू गेली असती.

ती ओळ मी पुसली नाही. घरच्या नावांचा रकाना अक्षरवार लावून दिला. आणि ती ओळ पानांच्या डोक्यावरून काढून नोंदणीच्या फॉर्ममागे बसवली. दाराची कडी वाजली की कोण आलंय ते बघायचं, एवढं पुरे होतं. सारखं दार उघडून बाहेर बघत बसायची गरज नव्हती. हे काम तासाभरात झालं. मग आम्ही एकेक साइट उघडून पाहिली. कढया, गणपती, उपवर मुली, सगळे पटापट हजर होऊ लागले. यादीतला एकही माणूस फुटला नव्हता.

"चालू आहे ना पण?" काकांनी तिसऱ्यांदा विचारलं. "त्याचं?"

"चालू आहे. नवीन कुणी आलं रे आलं, की लगेच बघणार."

त्यांनी मान हलवली. खिडकीबाहेर बघत, डेस्कवरच्या त्या जुन्या स्वच्छ आवाजात म्हणाले, "नोंद आढळत नाही. इतकी वर्षं झाली, चिमे. नोंद आढळत नाही."

यादी लावताना माझ्या एक गोष्ट लक्षात आली होती. यादीत साठेबाई होत्या, ठमा म्हणून. चिमी होती, सोमू होता, खालचा गिरणीवाला होता. घाबरून नाव काढून घेतलेले जिग्नेशभाईसुद्धा मागाहून मूर्ती बुक करायला परत आले होते.

"काका," मी म्हणाले, "तुमची तरी नोंद कुठे आहे?"

"माझी?"

"त्यानं तुम्हाला शोधलं तर? मुंबईतली जागा सोडलीत. फोन बदलला. तो जुन्या दारावर जाऊन परत आला असेल, तर तुम्ही कुठे सापडणार त्याला?"

आयुष्यभर दुसऱ्यांचे नंबर सांगणाऱ्या त्या माणसाला आपल्यालाही कुणी शोधत असेल, हे सुचलंच नव्हतं. मी खुर्ची सोडली. ते माझ्या जागेवर सरकले. एका बोटाने नाव लिहिलं, भाईंदरचा पत्ता लिहिला, फोन लिहिला. हा पत्ता साइटवर सगळ्यांना दिसेल असा ठेवू का, मी विचारलं. ठेव म्हणाले. मग लाल चांदणीच्या रकान्यापाशी बोट थांबलं.

"लाइन व्यस्त आहे का?" मी हळूच विचारलं.

"नाही," ते म्हणाले. "मोकळी आहे."

आणि त्या काडीसारख्या माणसाने एकेक अक्षर शोधत लिहिलं : ढब्बूदादा.